हवालदार, ब्रिगेडियर आणि मतपेटी

२०१८ च्या नोव्हेंबरात मी मिझोराममधल्या वैरेंगटेला होतो. आसामच्या सीमेला लागून असलेलं हे छोटं गाव फौजेतल्या बहुतेकांना ठाऊक असतं, कारण जंगलात बंडखोरांशी लढायचं शिक्षण देणारी आपली शाळा इथे आहे. गनिमाशी गनिमासारखं लढा, हे तिचं ब्रीद. आम्हा मराठा पलटणीवाल्यांना ते वाचून हसू यायचं. गनिमी कावा आम्हाला कोण शिकवणार!

त्याच महिन्यात तिथे विधानसभेची निवडणूक होती. मी कराड तालुक्यातला. आमच्याकडे निवडणूक म्हणजे भोंगे, जीपगाड्या, ढाब्यावरची जेवणं आणि दोन भावकींत वर्षभर पुरेल एवढी दुष्मनी. इथे तसलं काहीच दिसेना. रस्त्याला मोठाले फलक नाहीत, मिरवणुका नाहीत. एका संध्याकाळी गावच्या सभागृहात सगळे उमेदवार एकाच व्यासपीठावर बसलेले पाहिले. एकेकानं उठून ठरलेल्या वेळात बोलायचं, लोकांनी प्रश्न विचारायचे आणि घरी जायचं. मला वाटलं, ही निवडणूक आहे की शाळेतली वक्तृत्व स्पर्धा?

हे मी बोललो एका निवृत्त शिक्षकांजवळ. त्यांचं नाव लिहीत नाही, गुरुजी म्हणतो. हायवेवरच्या एका गावात त्यांचं घर आणि खाली मुलाचं दुकान. आयुष्यभर मुलांना हिंदी शिकवल्यामुळे आमचं बोलणं जमायचं. ते म्हणाले, "सुबेदार साब, आम्ही निवडणूक शांतपणे करतो, कारण आवाज आम्ही खूप ऐकलाय."

मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुम्ही महाराष्ट्राचे ना? १९६६ च्या मार्चमध्ये देशाचे संरक्षणमंत्री कोण होते, माहीत आहे?"

मला माहीत होतं. आमच्या घरात आजोबांनी लावलेला यशवंतराव चव्हाण साहेबांचा फोटो अजून आहे. १९६२ च्या चीन युद्धानंतर साहेब दिल्लीला गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे ऐकतच आम्ही मोठे झालो. पण १९६६ च्या मार्चमध्ये मिझो डोंगरात काय झालं, हे आमच्या गावात कुणी कधी बोललं नव्हतं. ते मला त्या दुकानात बसून कळलं आणि नंतर मी वाचत गेलो. मंडळी, आज तेच लिहितो आहे.

गोष्ट सुरू होते उंदरांपासून. मिझो डोंगरातल्या एका जातीच्या बांबूला साधारण ४८ वर्षांनी एकदाच फुलोरा येतो. त्याचं बी खाऊन उंदीर बेसुमार वाढतात आणि मग शेतातलं भात फस्त करतात. या दुष्काळाला मिझो लोक माऊताम म्हणतात. १९५९ मध्ये तो आला. हा भाग तेव्हा आसामचा एक जिल्हा होता. जुनी माणसं आधीपासून सांगत होती की बांबू फुलणार, धान्याची सोय करा. पण सरकारी मदत अपुरी आणि उशिरा आली. तेव्हा गावोगाव धान्य पोहोचवणारी एक संघटना पुढे आली. ती चालवणारा माणूस म्हणजे लालडेंगा, आपल्याच सैन्यात हवालदार राहिलेला. १९६१ मध्ये तिचं नाव बदलून मिझो नॅशनल फ्रंट झालं, म्हणजे एमएनएफ, आणि मागणी झाली वेगळ्या देशाची.

२८ फेब्रुवारी १९६६ च्या रात्री एमएनएफनं उठाव केला. ऐझॉल, लुंगलेई, चंफाई इथल्या ठाण्यांवर एकाच वेळी हल्ले झाले, दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्याची घोषणा झाली. ऐझॉलमध्ये आसाम रायफल्सची छावणी वेढ्यात सापडली. ५ आणि ६ मार्चला भारतीय हवाई दलाच्या विमानांनी ऐझॉलवर मारा केला. आपल्याच देशातल्या शहरावर आपल्याच विमानांनी केलेला हा हल्ला होता. लोक जंगलात पळाले, वस्त्या जळाल्या. इंदिरा गांधींना पंतप्रधान होऊन दोन महिनेही झाले नव्हते आणि संरक्षणमंत्री होते आमचे साहेब.

वेढ्यातल्या जवानांना सोडवायचं होतं, हे फौजी म्हणून मला समजतं. त्या छावणीत मी असतो, तर मीही आकाशाकडेच डोळे लावून बसलो असतो. पण खाली बाजारात कोण होतं, हा प्रश्न त्यामुळे संपत नाही.

त्यानंतर आलं गावांचं एकत्रीकरण. मलायात ब्रिटिशांनी वापरलेली ही पद्धत. बंडखोराला गावातून भात मिळतं, आसरा मिळतो, खबर मिळते, म्हणून गावच उचलून रस्त्याकडेला आणायचं. १९६७ च्या जानेवारीत सिल्चर ते लुंगलेई रस्त्यालगत हे काम सुरू झालं. पुढच्या तीनेक वर्षांत पाचशेहून अधिक गावं उठवून शंभराच्या वर केंद्रांत कोंबली गेली. कुंपण, रात्रीची संचारबंदी, ओळखपत्रं, मोजून मिळणारं धान्य. कागदावर नाव होतं संरक्षित आणि प्रगतिशील गाव.

गुरुजी तेव्हा तेरा वर्षांचे होते. सकाळी फौज आली, उचलता येईल तेवढंच घ्या म्हणाली. आईनं भात घेतलं, वडिलांनी बायबल आणि एक कोंबडी. मागे वळून पाहिलं तेव्हा घरातून धूर निघत होता. भाताचं कोठारही पेटवलं होतं, बंडखोरांच्या हाती लागू नये म्हणून. विजेंद्रसिंह जफा हे त्या काळात तिथे काम केलेले आयएएस अधिकारी. त्यांनी दारझो नावाच्या गावाचा प्रसंग लिहून ठेवला आहे. गाव रिकामं करून जाळल्यावर गावच्या प्रमुखांकडून लिहून घेतलं गेलं की आम्ही स्वखुशीनं आलो आणि गाव आम्हीच जाळलं. हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटवून मी बराच वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो.

पलीकडेही सगळं धुतल्या तांदळासारखं नव्हतं. एमएनएफनं खबरी असल्याच्या संशयावरून मिझोंनाच मारलं. १३ जानेवारी १९७५ ला तर ऐझॉलमध्ये पोलीस महानिरीक्षक आर्या, उपमहानिरीक्षक सेवा आणि पोलीस अधीक्षक पंचपकेशन या तिघांना कार्यालयात घुसून गोळ्या घातल्या. "दिवसा फौज विचारायची, रात्री कोणाला जेवण दिलं? रात्री पोरं विचारायची, दिवसा कोणाशी बोललात?" गुरुजी सांगत होते. इकडे आड तिकडे विहीर. त्या वीस वर्षांना मिझो भाषेत रामबुआई म्हणतात, म्हणजे अशांत झालेली भूमी.

आता ब्रिगेडियरांची गोष्ट. थेनफुंगा सायलो हे आपल्या सैन्यातले मिझो अधिकारी, १९७४ मध्ये ब्रिगेडियर म्हणून निवृत्त झाले. पेन्शन घेऊन आरामात राहता आलं असतं. त्यांनी घरी येऊन मानवाधिकार समिती काढली. गावोगावच्या तक्रारी गोळा केल्या, कुठे मारहाण झाली, कुठे बाईची अब्रू गेली, कुठे घर जळलं, आणि त्या लिहून सरकारपुढे मांडल्या. तक्रारी होत्या ज्या फौजेत त्यांनी आयुष्य काढलं, तिच्याच माणसांविरुद्ध. असल्या माणसाला आपल्या मेसमध्ये काय म्हटलं गेलं असेल, हे माजी सैनिकांना सांगायची गरज नाही. पण लोकांनी काय म्हटलं? १९७२ मध्ये मिझोराम केंद्रशासित प्रदेश झाला होता. १९७८ च्या निवडणुकीत लोकांनी सायलोंच्या पक्षाला निवडून दिलं, ब्रिगेडियर मुख्यमंत्री झाले. पक्ष फुटला, सरकार पडलं, तर १९७९ मध्ये लोकांनी त्यांना परत आणलं.

इथे जरा थांबू या. जंगलात हवालदार बंदूक घेऊन बसलाय, रस्त्यावर आपली फौज आहे, आणि मधे अडकलेला माणूस मत देतोय एका निवृत्त ब्रिगेडियरला, जो दोघांनाही सांगतोय की हे थांबवा. लोकांना हिंसा हवी होती की लोकशाही, असा प्रश्न आपण फार सोप्या पद्धतीनं विचारतो. ज्या घरातला मुलगा जंगलात गेला होता, त्याच घरातली आई रांगेत उभी राहून मत देत होती. तिला मुलाचा अभिमानही होता आणि तो परत यावा असंही वाटत होतं. तिच्या मतामागे एकच हिशेब होता, आमचं म्हणणं ऐकून कोण घेतंय?

१९८४ मध्ये सायलो हरले आणि काँग्रेसचे ललथनहवला मुख्यमंत्री झाले. दरम्यान लालडेंगांची दिल्लीशी बोलणी सुरू होती, तुटत होती, पुन्हा जुळत होती. मिझोराममधली चर्च मधे पडली होती, दोन्हीकडे निरोप नेत होती. शेवटी ३० जून १९८६ ला दिल्लीत करार झाला. एका बाजूनं सही लालडेंगांची, भारत सरकारच्या बाजूनं गृहसचिव राम प्रधान यांची आणि मिझोराम सरकारच्या बाजूनं मुख्य सचिव लालखामा यांची. राम प्रधान म्हणजे आपले मराठी अधिकारी, आणि तो दिवस त्यांच्या निवृत्तीचा होता. बासष्टच्या युद्धानंतर संरक्षणमंत्री चव्हाण साहेबांचे खासगी सचिव राहिलेले हेच प्रधान. साहेब मंत्री असताना पेटलेली आग विझवण्याच्या कागदावर वीस वर्षांनी त्यांच्याच जुन्या सचिवाची सही झाली.

या कराराबद्दल आपल्या लोकांत दोन मतं ऐकू येतात. निवृत्त मंडळी जमली की एक जण म्हणतो, "मिझोराम आपण दांडक्यानं सरळ केलं." दुसरा म्हणतो, "कसलं काय, बंदूक उचलली म्हणूनच त्यांना राज्य मिळालं. हवालदाराचा मुख्यमंत्री झाला!"

पहिल्याला माझं उत्तर असं. दांडकं तर १९६६ पासूनच चालू होतं. त्यानंच काम झालं असतं, तर वीस वर्षं का लागली? गावं जाळून आपण बंडखोराचं भात तोडलं हे खरं, पण जळालेल्या घरातली पोरं कुठे गेली असतील, याचा हिशेब कोण करणार? गुरुजींचा थोरला भाऊ १९६७ नंतरच जंगलात गेला. आधी त्याला राजकारणात काडीचा रस नव्हता.

दुसऱ्याचं म्हणणं जास्त टोचणारं आहे, कारण वरवर पाहता ते खरं आहे. करारानंतर ऑगस्ट १९८६ मध्ये निवडून आलेल्या ललथनहवलांनी खुर्ची सोडली, लालडेंगा मुख्यमंत्री झाले आणि ललथनहवला उपमुख्यमंत्री. म्हणजे मतं मिळवलेला माणूस खाली आणि बंदूकवाला वर. लोकशाहीच्या दृष्टीनं ही गोष्ट चांगली दिसत नाही. मी गुरुजींना हेच विचारलं. ते म्हणाले, "गोष्ट तिथे संपली असती, तर तुमचं बरोबर होतं. पण पुढचं कोणी विचारतच नाही."

पुढचं असं. २० फेब्रुवारी १९८७ ला मिझोराम पूर्ण राज्य झालं. त्याच महिन्यात निवडणूक झाली आणि ४० पैकी २४ जागा लालडेंगांच्या माणसांनी जिंकल्या. आता खुर्ची दिल्लीनं दिलेली नव्हती, लोकांनी दिलेली होती. पण जंगल सांभाळणं वेगळं आणि सरकार चालवणं वेगळं. दीड वर्षात त्यांचेच काही आमदार फुटले, बहुमत गेलं, सप्टेंबर १९८८ मध्ये राष्ट्रपती राजवट आली. दिल्लीत सरकार काँग्रेसचं आणि मिझोराममध्ये मुख्य विरोधकही काँग्रेसच. दगा झाला म्हणून पुन्हा जंगलात जायला यापेक्षा चांगलं निमित्त कुठलं मिळणार? शस्त्रं टाकून अडीच वर्षंही झाली नव्हती. वाटा सगळ्यांना पाठ होत्या.

जानेवारी १९८९ मध्ये पुन्हा मतदान झालं. काँग्रेसला २३ जागा, एमएनएफला १४. ज्याच्यासाठी गावंच्या गावं जळाली होती, त्या नेत्याला त्याच लोकांनी तीन वर्षांच्या आत घरी बसवलं.

"त्या रात्री आमच्या गावात कोणी झोपलं नाही," गुरुजी म्हणाले. "जिंकलेलेही नाही. माझी आई भाऊ झोपलाय ना, हे बघायला तीनदा उठली. सकाळी तो उठला, चहा प्यायला आणि शेतावर गेला. आई रडायला लागली. माझ्यासाठी शांतता त्या सकाळी आली, सुबेदार साब. करार झाला तेव्हा तर फक्त ढोल वाजले होते."

लालडेंगांचा पक्ष विरोधी बाकांवर बसला. पुढच्याच वर्षी, १९९० च्या जुलैत, आजारपणात लंडनला त्यांचं निधन झालं. त्यांचे जंगलातले सहकारी झोरामथांगा यांनी पक्ष सांभाळला. १९९८ मध्ये ते मुख्यमंत्री झाले, २००८ मध्ये असे हरले की ४० पैकी ३ जागा उरल्या, तरी पुन्हा विरोधात बसले. मी तिथे होतो त्या २०१८ च्या निवडणुकीत ते परत जिंकले आणि मुख्यमंत्री असलेले ललथनहवला आपल्या दोन्ही मतदारसंघांत हरले. कुठे दगड पडला नाही की टायर जळालं नाही.

बंदुकीनं राज्य मिळालं म्हणणाऱ्याला माझं उत्तर हे आहे. बंदुकीनं एकदा खुर्ची मिळाली, पण ती टिकवायला बंदूक चालली नाही. लोकांनी चालू दिली नाही. ज्याला आपण डोक्यावर घेतलं, त्याला मतानं खाली उतरवता येतं आणि तो गुपचूप उतरतो, ही सवय लावावी लागते. मिझो लोकांनी ती दोन्ही बाजूंना लावली. जिंकून लोकशाहीवर विश्वास कोणीही ठेवील, हरल्यावर ठेवणं अवघड असतं.

ही सवय आपोआप टिकत नाही, हेही तिथे पाहिलं. २००६ मध्ये चर्चच्या पुढाकारानं मिझोराम पीपल्स फोरम उभा राहिला. पक्षांशी लेखी समझोता करायचा, खर्च किती, फलक किती, जेवणावळी बंद, सगळ्या उमेदवारांनी एका व्यासपीठावर यायचं. मला वक्तृत्व स्पर्धा वाटली होती ती हीच. त्यामागे माऊतामपासूनचा इतिहास आहे, हे मला उशिरा समजलं.

पण सगळं गोड लिहून मोकळा झालो, तर खोटं ठरेल. मिझोराममध्ये ब्रू नावाचा छोटा समाज आहे. १९९७ मधल्या जातीय हिंसेनंतर त्यातली हजारो माणसं त्रिपुरात पळाली आणि वीस वर्षांहून जास्त काळ छावण्यांत राहिली. २०१८ च्या निवडणुकीआधी या लोकांनी मत कुठे द्यायचं यावरून वाद पेटला. ऐझॉलमध्ये हजारो लोक रस्त्यावर आले आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याला बदलावं लागलं. गोळी चालली नाही हे खरं. पण ज्यांनी स्वतः घरं सोडण्याचं दुःख भोगलं, त्यांच्याच राज्यातून दुसऱ्यांना घरं सोडावी लागली होती. हा विषय काढला तेव्हा गुरुजी पहिल्यांदाच गप्प झाले. थोड्या वेळानं एवढंच म्हणाले, "आमचाही धडा अजून पूर्ण झालेला नाही."

मी आता निवृत्त होऊन गावी आलोय. २०२३ च्या डिसेंबरात मिझोरामची मतमोजणी टीव्हीवर पाहिली. बाकीच्या राज्यांची ३ तारखेला झाली, तिथली एक दिवस उशिरा, कारण ३ तारखेला रविवार होता आणि रविवारी तिथे प्रार्थनेशिवाय काही चालत नाही. झोरामथांगांचा पक्ष १० जागांवर आला आणि ते स्वतःही आपल्या मतदारसंघात हरले. त्यांनी राजीनामा दिला आणि लालदुहोमा मुख्यमंत्री झाले, एकेकाळी इंदिरा गांधींच्या सुरक्षेत असलेले माजी पोलीस अधिकारी. मी गुरुजींना फोन लावला. विचारलं, "काय गुरुजी, झोप लागली का काल?" ते हसले. म्हणाले, "निकाल सकाळी नातवानं सांगितला. मी लवकर झोपलो होतो."

फोन ठेवला आणि समोर भिंतीवर साहेबांचा फोटो होता. आजोबांनी लावलेला आहे, मी काढणार नाही. साहेबांनी देशासाठी केलेलं थोडं नाही. पण आता माझा मुलगा विचारतो, बाबा, तुम्ही मिझोरामला काय केलंत, तेव्हा मी त्याला ५ मार्च १९६६ पासून सांगायला सुरुवात करतो. आपल्या फौजेचा मला अभिमान आहे. ज्या फौजेतून ब्रिगेडियर सायलोंसारखा माणूस बाहेर पडला, ती खरं ऐकून घ्यायला घाबरणारी नसावी, असं मला वाटतं.

वाचकांपैकी जे कुणी त्या काळात, ६६ ते ८६ मध्ये, त्या डोंगरात होते, त्यांनी आपले अनुभव जरूर कळवावेत. चांगले, वाईट, दोन्ही. आपण सांगितलं नाही, तर नंतर सांगणारं कोणी उरणार नाही.

जय हिंद, जय महाराष्ट्र.